फुकट्या बाणास खुले पत्र

‘सिव्हिलायझेशन’ या संगणकीय खेळातल्या शहरांतून दर टर्नला सुटणाऱ्या बाणास,

नमस्कार घालावा असं तू काही केलेलं नाहीस, म्हणून थेट तक्रारीलाच हात घालते. 21 सप्टेंबर 2010 रोजी ‘सिव्हिलायझेशन 5’ आला आणि त्याच्याबरोबर तू आलास. त्याआधीच्या चार खेळांत शहर ही राखायची जागा होती. तू आल्यावर शहर स्वतःच लढायला लागलं. दोन घरं लांबपर्यंत, दर टर्नला एकदा, टप्प्यात येईल त्या शत्रूवर. तुला सोडायला माणूस लागत नाही. तुझा पगार खजिन्यातून जात नाही. तू दमत नाहीस, तुझा भाता रिकामा होत नाही, तुला कुणी ठार करू शकत नाही. पाचव्या खेळात तर शहर वसवलं की तू आलासच. खेळाडूने तुझ्यासाठी काहीच केलेलं नसतं, कशावरही पाणी सोडलेलं नसतं, आणि तरी त्याच्या वेशीवर आलेलं सैन्य तू निम्मं करून परत पाठवतोस.

या खेळातली मला सर्वांत प्रिय गोष्ट म्हणजे वेढा. तो तू मारलास, हा माझा आरोप आहे. दुसरा आरोप तुझ्याइतकाच तुला सांभाळणाऱ्यांवर आहे. 2010 पासून संतुलनाच्या नावाने तटाचे आकडे बदलले, तोफांचे बदलले, वेढ्याच्या सामानाचे बदलले. ज्याच्यामुळे हे सगळं बिघडलं त्या तुला मात्र प्रत्येक वेळी वाचवलं गेलं.

ज्यांनी हा खेळ कधी उघडला नाही त्यांनाही हे पत्र कळायला हवं, म्हणून जरा मांडून सांगते. इथे घाई नसते. आपण आपल्या चाली करायच्या, मग समोरच्याने करायच्या. इसवीसनापूर्वी 4000 पासून सुरुवात होते आणि शेतं, शहरं, रस्ते, लढाया करत आपण विसाव्या-एकविसाव्या शतकापर्यंत येतो. अशा खेळात तटबंदी म्हणजे वेळ विकत घेणं. मी आज शंभर कष्ट दगडात घातले, तर उद्या माझ्यावर चालून येणाऱ्याला माझ्या दाराशी थांबावं लागेल, आणि तेवढ्यात माझी मदत पोचेल. चाल करणाऱ्यालाही हिशोब असतो. यंत्रं आणायची की वाट पाहायची? पाठीमागून येणाऱ्या कुमकेकडे लक्ष द्यायचं की दरवाजाकडे? दोन माणसं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसून एकमेकांच्या मनाचा अंदाज घेतात, हे सगळं शांतपणे, टर्नमागून टर्न. ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या खेळप्रकारात मला इतकी नीट सापडलेली नाही.

1991 च्या पहिल्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये, सिड मायर आणि ब्रूस शेली यांच्या त्या जुन्या खेळात, तटाचा नियम एका ओळीचा होता: आत जो उभा आहे त्याचं बचावबळ तिप्पट. फॅलँक्सचं बचावबळ 2, तटामुळे 6. समोर येणाऱ्या कॅटापल्टचं आक्रमणबळ 6. जमिनीचे चढउतार आणि अनुभव बाजूला ठेवले तर सामना बरोबरीचा. भाले घेतलेली शिस्तीची तुकडी आणि चांगला तट मिळून त्या काळातल्या सर्वोत्तम यंत्राशी बरोबरी करतात, यापलीकडे त्यात घाबरवणारं काही नव्हतं. आणि शहरात कुणीच नसेल, तर? शून्याची तिप्पट शून्य. उघड्या दारातून रथ सरळ आत. तटाने कुणाला मारलं नाही, कुणाची जागा घेतली नाही. आत राहणाऱ्याला त्याने बळ दिलं आणि आत कुणाला ठेवायचं हा निर्णय खेळाडूवर सोडला.

त्या नियमातही दोष होते, ते मी झाकून ठेवणार नाही. तटामागच्या फॅलँक्सने युद्धनौका बुडवल्याच्या तक्रारी पहिल्या खेळापासून होत्या, आणि 1996 च्या दुसऱ्या खेळात ब्रायन रेनॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिटांना हेल्थ आणि माऱ्याचा जोर हे वेगळे आकडे देऊन तो प्रश्न बराच सोडवला. त्याच खेळात पुढे येणारी हॉवित्झर तोफ तटाला जुमानतच नसे. म्हणजे तटाला आयुष्य होतं, आणि त्याचा शेवट कुठल्या शोधाने होणार हे आधीपासून दिसत होतं. 2001 च्या तिसऱ्या खेळात तट सहा लोकसंख्येपर्यंतच्या गावांनाच कामाचा, त्यापुढे निरुपयोगी. हा बदल मला कधीच पटला नाही. पण 2005 च्या चौथ्या खेळात सोरेन जॉन्सन यांनी वेढ्याला जे रूप दिलं ते आजही मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. आधी कॅटापल्टने शहराचं संरक्षण टर्नागणिक टक्क्याटक्क्याने खाली आणायचं, मग दोन-चार कॅटापल्ट आतल्या गर्दीवर झोकून द्यायच्या, त्या बहुतेक मरणार हे माहीत असताना. बारूद आली की तटाचं मोल संपायचं. त्या खेळात एकाच घरात ढीगभर युनिटं रचून फिरवता यायची, आणि ते ढीग कंटाळवाणे होते हे खरं. पण शहर घेताना काहीतरी गमावावं लागे आणि शहर राखताना आत माणसं ठेवावी लागत. दोन्ही बाजूंना किंमत होती.

तू कशामुळे जन्मलास हे मला ठाऊक आहे. पाचव्या खेळाचे मुख्य डिझायनर जॉन शेफर यांनी नकाशा षटकोनी केला आणि एका घरात एकच लढाऊ युनिट हा नियम आणला. ढीग मोडायला तो नियम हवाच होता, त्यासाठी त्यांचं कौतुकच करते. पण त्या नियमाने शहरातही एकच सैनिक मावू लागला, बाकीचे बाहेर मैदानात. मग एखादा रानटी भालाईत येऊन रिकामी राजधानी उचलून नेईल अशी भीती निर्माण झाली. म्हणून शहराला स्वतःची हेल्थ दिली गेली, लोकसंख्या आणि तंत्रज्ञानाबरोबर वाढणारं स्वतःचं बळ दिलं गेलं. इथपर्यंत सगळं योग्य होतं. शहर एका चालीत पडू नये, ही मागणी न्याय्य आहे. त्यापुढे जाऊन तुला कुणी बोलावलं, का बोलावलं, हे मला आजही समजत नाही. दार मजबूत करायचं होतं. दाराने स्वतः येणाऱ्याच्या छातीवर वार करावा, अशी कुणाची गरज होती?

आता तुझं काम आकड्यांत बघ. ‘सिव्हिलायझेशन 6’मध्ये दोन्ही बाजूंचं बळ सारखं असेल तर एका वाराचं नुकसान साधारण 30, थोडं इकडे-तिकडे. युनिटाची पूर्ण हेल्थ 100. शत्रूच्या मुलखात एक टर्न हात न उचलता विश्रांती घेतली तर युनिटाला मिळतात 5. म्हणजे तुझ्या एका फटक्याची भरपाई करायला त्या बिचाऱ्या तुकडीला सहा टर्न गप्प बसावं लागतं, आणि त्या सहा टर्नांत तू आणखी सहा वेळा सुटलेला असतोस. बळात सतरा गुणांचा फरक पडला की नुकसान जवळपास दुप्पट होतं, कारण हिशोब घातांकी आहे, सरळ बेरजेचा नाही. ‘बॅस्टियन्स’ हे धोरणाचं कार्ड लावून तुझं बळ 5 ने वाढवलं की 30 चे सुमारे 37 होतात. आक्रमकाने टर्नमागून टर्न रस्ता कापत, पैसे खर्चून, इतर शहरांची बांधकामं थांबवून आणलेल्या फौजेतल्या एका तुकडीचा तिसरा हिस्सा दर टर्नला तू उचलतोस. ज्याच्या अंगणात ही फौज आली त्याने त्या टर्नला एक क्लिक केलेलं असतं.

यातही सर्वांत मोठा अन्याय कॅटापल्टवर. तिचा टप्पा दोन घरांचा, तुझाही दोन घरांचा. पाचव्या खेळात तिला मारा करण्याआधी यंत्र उभं करण्यात चाल घालवावी लागते. सहाव्यात ती हलली की बहुतेक वेळा त्या टर्नला तिला मारा करताच येत नाही. म्हणजे तट फोडण्यासाठीच जन्मलेलं यंत्र तुझ्या टप्प्यात येतं, थांबतं, तुझा फटका खातं, आणि जगलं तर पुढच्या टर्नला पहिला दगड टाकतं. खेळाडूला थोडी जरी अक्कल असेल तरी तो तुला सर्वांत आधी तिच्यावरच सोडतो. वेढ्याचं यंत्र वेढ्यालाच नालायक ठरवायचं असेल, तर याहून सोपा मार्ग नाही.

आणि मग सुरू झाली दुरुस्त्यांची रांग. पाचव्या खेळाच्या 2012 मधल्या ‘गॉड्स अँड किंग्ज’ या विस्ताराने युनिटांची हेल्थ 10 वरून 100 केली आणि शहरांची 20 वरून 200. तटाला 5 बळ आणि 50 हेल्थ, किल्ल्याला 7 आणि 25, पुढे शस्त्रागाराला 9, लष्करी तळाला 12. आकडे मोठे झाल्याने लढाया जरा लांबल्या, एका फटक्यात युनिट मरायचं थांबलं, आणि ही सुधारणा खरोखर चांगली होती. पण तू तसाच. तिथेच ‘ऑलिगार्की’ नावाची पॉलिसी होती: शहरात बसवलेल्या सैनिकाचा खर्च माफ, आणि आत सैनिक असेल तर तुझा जोर निम्म्याने जास्त. तिच्याकडे पाहून मला वाटायचं की ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या मनात योग्य विचार येऊन गेला होता. आत माणूस असण्याला अर्थ हवा, हे त्यांना दिसलं होतं. फक्त त्यांनी तो अर्थ बक्षीस म्हणून दिला, अट म्हणून घातला नाही. वर त्या सैनिकाचा पगारही माफ केला! राखणीला उरलासुरला जो खर्च होता तोही गेला.

21 ऑक्टोबर 2016 ला सहावा खेळ आला. मुख्य डिझायनर एड बीच. पहिल्या दिवशी मला आशा वाटली, कारण आता तट बांधल्याशिवाय तू सुटत नव्हतास. तुझ्या वाट्याला पहिल्यांदा काहीतरी किंमत आली. तटाला वेगळी पट्टी मिळाली. तलवार-भाल्यांचे वार तटावर जवळपास निकामी, साध्या धनुष्यांचे निम्मे, यंत्रांचे पूर्ण. तीन टर्न कुणी हल्ला केला नाही तरच तट दुरुस्त करता येतो, आणि तेही कष्ट घालून. शहराभोवतीची सगळी घरं शत्रूच्या धाकाखाली आली की शहराची हेल्थ भरून येणं बंद होतं. हे नियम लिहिणाऱ्याला वेढा म्हणजे काय हे कळत होतं. ते वाचताना मला मनापासून आनंद झाला होता, आणि आजही सहाव्या खेळातला तो भाग मला मोलाचा वाटतो.

पण तुझं बळ कुठून येतं ते शोधलं आणि राग आला. सहाव्या खेळात तुझा जोर शहरात कोण बसलंय यावर ठरत नाही. तुझ्या मालकाने आजवर कुठेही बनवलेल्या सर्वांत जबर तिरंदाजावर ठरतो. राज्याच्या एका टोकाला एक क्रॉसबोवाला उभा केला, की दुसऱ्या टोकाच्या कोळ्यांच्या वस्तीचा तटही क्रॉसबोने मारू लागतो. त्या वस्तीत एकही शस्त्र नाही, एकही शिपाई नाही. हत्यार एकाने शिकावं आणि साऱ्या मुलखातल्या दगडांना ते आपोआप यावं, याला मी संतुलन म्हणू शकत नाही.

त्यानंतर जे झालं त्यात मला तुझ्या रखवालदारांचा हट्ट दिसतो. आक्रमकाला मदत म्हणून बॅटरिंग रॅम आणि सीज टॉवर होते: एकाने शेजारच्या पायदळाचे वार तटाला पूर्ण लागायचे, दुसऱ्याने तट ओलांडून थेट शहरावर जाता यायचं. ते फार सोपं होतंय असं दिसल्यावर रॅम फक्त प्राचीन तटापुरता ठेवला, टॉवर मध्ययुगीन तटापर्यंत. दर पायरीच्या तटाला 100 ची सहनशक्ती आली. ‘लाइम्स’ कार्डाने तट दुप्पट वेगाने उभे राहू लागले. पोलादाचा शोध लागला की सगळ्या शहरांना आधुनिक संरक्षण आपोआप, एक वीटही न रचता. 2018 च्या ‘राइज अँड फॉल’ या विस्तारात व्हिक्टर नावाचा सुभेदार आला, आणि त्याला एक पदोन्नती दिली की त्याच्या शहरातून तू एका टर्नला दोनदा सुटतोस. दोनदा! वेढ्याला आधीच श्वास घेता येत नव्हता, आणि कुणाला तरी वाटलं की बाणच कमी पडताहेत.

शहराला तट असला आणि एन्कॅम्पमेंट हा लष्करी भाग बांधला की तिथूनही तू. एका शहराच्या दारात दोन ठिकाणांहून मारा. आक्रमकाने कुठे उभं राहायचं?

तुझ्यामुळे बाकीची संरक्षक बांधकामं किती उपाशी मेली ते तुला सांगायलाच हवं. पाचव्या खेळातला साधा फोर्ट बघ. कामगाराचा वेळ खर्च करून तो बांधायचा, त्यात स्वतःचा सैनिक उभा करायचा, त्याचा पगार भरायचा, तेव्हा कुठे त्या सैनिकाला 50 टक्के जादा बचाव. सेनापती खर्चून सिटाडेल उभारला तर शेजारी थांबणाऱ्या शत्रूला दर टर्नला 30 चं नुकसान, पण त्यासाठी अख्खा सेनापती द्यावा लागतो. सहाव्या खेळात फोर्ट बांधायला लष्करी इंजिनियर लागतो, त्याची मोजकी कामं असतात. या सगळ्यांत निर्णय आहे, जागा निवडण्याची बुद्धी आहे. खिंड कुठली अडवायची, नदीचा कुठला उतार राखायचा, हा विचार आहे. पण शहराच्या पोटात तू फुकट बसलेला असताना खिंडीत जाऊन फोर्ट कोण बांधील? नकाशाभर पसरू शकणारं संरक्षण शहराच्या एका घरात गोळा झालं. सीमा नावाची गोष्ट उरली नाही. सहाव्या खेळात तर एका टप्प्यानंतर तट पर्यटनासाठी बांधले जातात, कारण संवर्धनाचा शोध लागल्यावर त्यांच्यावर पर्यटनाचे गुण मिळतात. तेही चालेल. पण शत्रूसाठी बांधलेला तट आणि पर्यटकांसाठी बांधलेला तट यांत खेळाडूला फरकच जाणवत नाही, ही तुझी करणी.

संगणक चालवतो त्या प्रतिस्पर्ध्याचं तू जे केलंस ते मला सर्वांत जास्त सलतं. एका घरात एक युनिट या नियमात फौजेची मांडणी करणं त्याला मुळातच जड जातं. पायदळ पुढे, यंत्रं मागे, बाजूने घोडदळ, हे त्याला जमत नाही. त्याच्या युनिटांची वाटेत कोंडी होते, ती पुढेमागे करत राहतात, आणि त्या प्रत्येक टर्नला तू एकेक टिपत असतोस. मी एक धनुर्धारी आत बसवून शांतपणे दुसरीकडे विद्यापीठ बांधत असते आणि बाहेर एका साम्राज्याचं सैन्य संपत असतं. वाचल्याचं समाधान मला मिळत नाही. मी काही राखलंच नाही, तर जिंकल्याचा आनंद कुठून येणार? आणि मग समोरचा धोका उरत नाही, म्हणून त्याला सुरुवातीलाच उचलून धरावं लागतं. सहाव्या खेळाच्या ‘डिटी’ या सर्वांत कठीण पातळीवर संगणकाला शहर वसवणारे सेटलर एकाऐवजी तीन मिळतात, लढाईत 4 चं जादा बळ मिळतं. परिणाम असा की माझे तट उभे राहण्याआधीचे पहिले काही टर्न जीवघेणे, आणि तट उभे राहिले की पुढच्या कित्येक शतकांत मला धक्का लावू शकेल असा कुणी नाही. साऱ्या खेळाची भीती पहिल्या तासात खर्च होते.

मी मराठी आहे, म्हणून किल्ल्याबद्दल बोलताना मला आमच्याकडचे वेढे आठवतातच. पाचव्या खेळात भारत घेऊन खेळलं की आपली खास इमारत म्हणून मिळतो ‘मुघल फोर्ट’, साध्या किल्ल्याच्या जागी, वर थोडी संस्कृतीही देतो. त्याला माझी हरकत नाही. पण त्या मुघल फौजांसमोर सह्याद्रीतले आणि तमिळ देशातले गड कशाच्या बळावर उभे राहिले, हे ज्याने वाचलंय त्याला तुझ्यासारखा बाण मान्य होणार नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांवर मोठं प्रकरण आहे, आणि त्यात दगडापेक्षा जास्त चिंता पाण्याची, धान्याची आणि माणसांची आहे. आधी पाणी बघा, मग गड बांधा. हवालदार, सबनीस, कारखानीस यांचे हात एकमेकांत असे अडकवलेले की कुणा एकाला गड परस्पर देता येऊ नये. 1665 मध्ये दिलेरखानाने पुरंदरला वेढा घातला तेव्हा शेजारचा वज्रगड पडल्यावर पुरंदरची माची त्याच्या तोफांखाली आली. मुरारबाजी देशपांडे मोजकी माणसं घेऊन बाहेर पडले आणि लढताना पडले. जून महिन्यात तह झाला आणि 23 किल्ले गेले. नाशिकजवळचा रामसेज लहान होता, तरी वर्षानुवर्षं मुघलांना दाद दिली नाही. जिंजीला जुल्फिकारखान 1690 पासून 1698 पर्यंत अडकून पडला. या प्रत्येक ठिकाणी काय ठरवत होतं? आत कोण आहे, त्याच्याकडे किती दिवसांची रसद आहे, बाहेरून कुमक येते का, आणि वेढा घालणाऱ्याची रसद कोण तोडतंय. पन्हाळ्यावर 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा बसला तेव्हाही शिवाजी महाराजांना गडातून निघून जाण्याचा निर्णय घ्यावा लागला. गडाच्या भिंतीने आपण होऊन सिद्दीची फौज कापून काढली नाही. अशा गोष्टी खेळात याव्यात म्हणून मी मराठेशाहीचं कुठलंही पॅकेज मागत नाही. भूक, रसद, कुमक, राखणदार, हे चार शब्द कुठल्याही देशाच्या वेढ्याला लागू पडतात, आणि तुझ्या राज्यात चारही निरर्थक आहेत.

तर माझं म्हणणं आता सरळ सांगते. तटाचे आकडे कमी करा असं मी म्हणत नाही. तट आणखी दणकट झाला तरी चालेल. तुझ्यावर मात्र अट हवी. शहरात धनुर्धारी, क्रॉसबोवाला किंवा तोफ बसलेली असेल तरच तू सुटायचं, आणि तुझा जोर त्या युनिटाचाच, साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कुणाचा नाही. तू सुटलास की त्या युनिटाने त्या टर्नला मारा केला असं धरायचं, म्हणजे एका माणसाचे दोन बाण होणार नाहीत. आत तलवारवाला बसला असेल तर बाण नाही, पण तटावरचा चढाव त्याच्या बळाने कठीण. रिकामं शहर मारणार नाही, फक्त टिकेल, आणि तट असेल तोवर पायदळाला सहज हाती लागणार नाही. बारूद येईपर्यंत तुझा टप्पा एका घराचा, म्हणजे कॅटापल्टला दोन घरांवर उभं राहून आपलं काम करता येईल आणि तिला हाकलायचं असेल तर राखणदाराला दार उघडून बाहेर यावं लागेल. सहाव्या खेळाचा पूर्ण वेढ्याचा नियम तसाच ठेवून तो एक पाऊल पुढे न्यायचा: काही टर्न वेढा टिकला की धान्य घटू लागावं, लोकसंख्या कमी व्हावी, आणि आतल्या युनिटालाही ते जाणवावं. शहराने कोठार बांधलेलं असेल तर ते जास्त दिवस तग धरेल. त्या कोठाराला लढाईत पहिल्यांदा अर्थ मिळेल.

यावर येणारं उत्तर मी अनेकांशी वाद घालताना ऐकलेलं आहे: मग पहिल्या पन्नास टर्नांतच शेजारी येऊन सगळ्यांना गिळेल, आणि शांतपणे राज्य वाढवू इच्छिणाऱ्यांचं काय? हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण मीही बहुतेक वेळा राज्य वाढवणारीच असते. पण त्याचं उत्तर शहराच्या हेल्थमध्ये आहे. तटाशिवायचं शहरही दोन-चार तुकड्यांना काही टर्न थोपवू शकेल इतकी ती ठेवता येते, आणि तेवढ्यात एक सैनिक उभा करता येतो. ज्याला आपलं शहर प्रिय आहे त्याने एक सैनिक पोसावा, एवढीच ही मागणी आहे. पहिल्या पन्नास टर्नांत घाईने चाल करणाऱ्यालाही मागे आपली शहरं रिकामी सोडावी लागतील, आणि ती रिकामी शहरं आता बाण सोडणार नाहीत. त्याची फौज माझ्या दाराशी असताना माझे दोन घोडेस्वार त्याच्या दाराशी जाऊ शकतील. आज तसं केलं तर तू त्यांना वाटेतच संपवतोस. म्हणजे तू आक्रमकालाही घरी निर्धास्त ठेवतोस! बचाव करणाऱ्यांचा मित्र म्हणवून घेणाऱ्या तुझ्यामुळे हल्लेखोराला मागे वळून पाहायची गरज उरलेली नाही, याकडे तुझे कैवारी कधी लक्ष देणार?

आणि नवशिक्यांचं म्हणशील, तर त्यांना सोप्या पातळीवर तुझा आधार राहू दे. खालच्या पातळ्यांवर रानट्यांविरुद्ध जादा बळ मिळतंच, तसा तूही मिळत राहा. पण जो माणूस शेकडो टर्न खर्चून या खेळाच्या खोलात उतरतो, त्याला शहर राखायला शिकू दे.

पाचव्या खेळाच्या फाइलींमध्ये ‘सिटी अटॅक रेंज’ नावाची एक ओळ आहे आणि तिच्यापुढे 2 हा आकडा लिहिलेला आहे. मॉड बनवणारे खेळाडू ती ओळ उघडतात, 2 चा 1 करतात, आणि तेवढ्यानेही खेळ बदलतो. त्यांनी तुला टप्प्यात आणलं, त्यांचे मी आभार मानते. पण टप्पा कमी करून भागणार नाही. पुढचा खेळ लिहिताना ज्यांच्या हातात नियमांची वही असेल त्यांनी तटाचे, रॅमचे, तोफांचे आकडे हातात घेण्याआधी तुझं पान उघडावं आणि त्यावर राखणदाराची अट लिहावी. ती लिहिल्याशिवाय पुन्हा तटाचा कुठलाही आकडा वाढवू किंवा घटवू नये, ही माझी जाहीर मागणी आहे.

कळावे.

तुझ्या तटाबाहेर कॅटापल्ट घेऊन थांबलेली,
एक खेळाडू